ऑपरेशननंतर मूल गप्प पडून आहे, म्हणजे दुखत नाही असं धरायचं का?

माशेलकरीण

आमच्या साडेचार वर्षांच्या बाबूचं टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइडचं ऑपरेशन झालं, काल दुपारी घरी आणलं. शुद्धीवर येताना त्याने फार आकांत केला होता, आम्हाला ओळखतही नव्हता. त्यानंतर मात्र एकदम गप्प. रडत नाही, काही मागत नाही, नुसता पडून असतो. आवडतं कार्टून लावलं तर दोन मिनिटं बघतो आणि भिंतीकडे तोंड करतो. पेज गार करून दिली, दोन चमचे घेतली. 'दुखतंय का रे?' विचारलं की मान हलवून नाही म्हणतो.

डिस्चार्जच्या कागदावर पॅरासिटॅमॉल सिरपपुढे 'एसओएस' (लागलं तरच द्या) लिहिलंय. सासूबाई म्हणतात, रडत नाही म्हणजे दुखत नाही, उगाच औषध कशाला पाजायचं? नवऱ्यालाही तसंच वाटतं. मला पटत नाही. एरवी हा पोर पाच मिनिटं एका जागी बसत नाही.

एवढ्या लहान मुलाला किती दुखतंय हे आईबापांनी ओळखायचं कसं? काही ठरलेली पद्धत असते की अंदाजच करायचा? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया सांगा.

पावसाळी

ताई, आमच्या मुलीचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीही अशीच गप्प होती. तिथल्या सिस्टरनी भिंतीवरचा चेहऱ्यांचा तक्ता दाखवून 'तुला कुठल्या चेहऱ्यासारखं वाटतंय?' असं विचारलं. हिने पहिल्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, तो छान होता म्हणून. तेव्हा तक्त्यावर फार विसंबू नका असं माझं मत. बाकी जाणकार सांगतीलच.

वॉर्डातली_ताई

माशेलकरीण, 'एरवी हा पाच मिनिटं एका जागी बसत नाही' हे वाक्य उद्या डॉक्टरांना फोन कराल तेव्हा जसंच्या तसं सांगा. ती सगळ्यात कामाची माहिती आहे आणि ती तुमच्याशिवाय कोणाकडे नाही.

मी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त आहे. रडण्याला माप धरलं की दोन्हीकडून फसगत होते. भूक लागली, सुईचा ट्रे दिसला, आई बाथरूमला गेली, एवढ्यानेही मूल रडतं. उलट खरोखर दुखणारं मूल पुष्कळदा रडत नाही, कारण रडताना घसा आणि पोट ताणलं जातं आणि आणखी दुखतं. टॉन्सिल काढलेलं मूल आवंढाही गिळत नाही, लाळ उशीवर ओघळू देतं. पोटाला टाके असलेलं मूल वरवर श्वास घेतं, खोकला दाबतं, कूस बदलत नाही. आणि भेटायला आलेले सगळे म्हणतात, किती शहाणं बाळ! मला त्या शहाण्या बाळांचीच जास्त काळजी वाटायची. रडणाऱ्याकडे सगळा वॉर्ड धावतो.

'नाही' म्हणण्याचंही कारण असतं. इस्पितळात 'दुखतंय' म्हटल्यावर काय झालं? कोणीतरी सुई घेऊन आलं. चार वर्षांच्या मुलाला हा हिशेब एका दिवसात कळतो. म्हणून त्याला आधी स्पष्ट सांगा की घरात सुई नाही, औषध तोंडानेच घ्यायचं आहे. मग हो-नाहीचा प्रश्न न विचारता 'कुठे दुखतंय ते बोटाने दाखव', 'पाणी गिळताना जास्त दुखतं की नुसतं पडल्यावर?' असं विचारा. विचारायची वेळही बघा. स्वस्थ पडलेला असताना नको. पाणी पिताना, उठून बसताना बघा.

आणि हो, पद्धत आहे, खास आईवडिलांसाठी बनवलेली. कॅनडातल्या क्रिस्टीन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ती तयार केली. आधी 7 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी होती, 2003 मध्ये 2 ते 6 वर्षांच्या मुलांवरही तपासून पाहिली. पंधरा प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. प्रश्न दुखण्याबद्दल नाहीतच, वागण्याबद्दल आहेत, आणि तुलना मुलाच्या एरवीच्या वागण्याशी करायची. एरवीपेक्षा जास्त कुरकुर करतो का? लवकर रडू येतं का? कमी खेळतो का? रोज करतो त्या गोष्टी करत नाही का? जास्त घाबरलेला, काळजीत दिसतो का? जास्त गप्प आहे का? अंगात जोर कमी आहे का? जेवायला नकार देतो का? खातो पण कमी खातो का? दुखरी जागा हाताने धरतो का? तिथे धक्का लागू नये म्हणून जपतो का? कण्हतो का? चेहरा लालसर दिसतो का? तुम्हाला जास्त चिकटून राहतो का? आणि शेवटचा प्रश्न मला फार आवडतो: एरवी औषधाला तोंड फिरवणारा आता मुकाट घेतो का?

सहा किंवा त्याहून जास्त 'हो' आले तर दुखणं दुर्लक्ष करण्याजोगं नाही. बघा, 'जास्त गप्प आहे' हा दुखण्याच्या खुणांतला प्रश्न आहे, बरं असण्याच्या नव्हे.

पावसाळी, तक्त्याबद्दल तुमचं अर्धं बरोबर. हसऱ्या चेहऱ्यापासून अश्रू ढाळणाऱ्या चेहऱ्यापर्यंत जाणारा तक्ता 1983 पासून वापरात आहे, त्यात हा घोटाळा होतोच. मूल आवडलेला चेहरा निवडतं, किंवा 'मी रडत नाहीये' म्हणून शेवटचा सोडून देतं. 2001 मध्ये सुधारलेला दुसरा सहा चेहऱ्यांचा तक्ता आहे, त्यात पहिला चेहरा हसरा नाही, साधा आहे, आणि शेवटच्याला अश्रू नाहीत. तोही चार-पाच वर्षांच्या पुढेच उपयोगी.

डिचोलीची_आजी

मी औषधाच्या विरुद्ध नाही, पण माझं मत मांडते. आमच्या घरात सात नातवंडं वाढली. सारखं सारखं 'दुखतं का, दुखतं का' विचारून मुलाच्या मनात दुखणं भरवू नये. मूल आपल्या तोंडाकडे बघतं, आपण घाबरलो की ते घाबरतं. मांडीवर घ्यावं, पाठीवरून हात फिरवावा, गोष्ट सांगावी. आणि थोडं सोसण्याची सवयही हवी. जरा दुखलं की सिरप, असं लावलं तर पुढे त्याची सवय होईल ना?

भूलतज्ज्ञ_तिसवाडी

लहान मुलांना भूल देणं हेच माझं रोजचं काम आहे. या मुलाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याचा डोस इथे सांगणार नाही. बाकी जे सांगता येईल ते सांगतो.

आधी तो शुद्धीवर येतानाचा आकांत. ओळख न पटणं, हातपाय झाडणं, समजावूनही शांत न होणं हे दोन ते पाच-सहा वर्षांच्या मुलांत सेवोफ्लुरेनसारख्या वायूच्या भुलेनंतर बऱ्याचदा दिसतं. भुलेतून बाहेर येतानाचा तो गोंधळ असतो, अर्ध्या तासाच्या आसपास निवळतो. त्यात वेदनेचा भाग असू शकतो, पण तो आकांत म्हणजेच वेदना नव्हे. त्यामुळे तेव्हा फार दुखलं आणि आता गप्प आहे म्हणजे थांबलं, असा निष्कर्ष काढू नका.

दुसरी गोष्ट पावसाळींच्या मुलीसारख्या हर्निया, हायड्रोसील, सुंता अशा ऑपरेशनांची. त्यात आम्ही भूल असतानाच कमरेखाली बधिरतेचं इंजेक्शन देतो. त्याचा अंमल काही तासच टिकतो. मूल दुपारी हसतखेळत घरी जातं, आईवडील निर्धास्त होतात आणि रात्री दहाला एकदम सगळं जागं होतं. म्हणून पहिलं वेदनाशामक बधिरता उतरायच्या आधी पोटात जायला हवं. दुखणं एकदा चढलं की तेच औषध कमी पडतं.

म्हणूनच मी 'एसओएस'च्या बाजूचा नाही. एसओएस म्हणजे लागलं तर. लागलं हे ठरवणार कोण? मूल सांगत नाही, घरात एकमत नाही, आणि पहिला सगळा दिवस निघून जातो. पहिले काही दिवस घड्याळ लावून औषध द्यावं, रात्रीसुद्धा, हे आपल्या सर्जनकडून ठरवून घ्या. त्याच 1996 साली कॅनडात फिन्ली आणि सहकाऱ्यांनी 'किरकोळ' ऑपरेशननंतर घरी गेलेल्या मुलांची पाहणी केली होती. पालकांना वेदना ओळखता येत होती. तरीही दिलेलं औषध अपुरं होतं. म्हणजे ओळखण्याइतकाच, ओळखल्यावर हात आखडता न घेण्याचा प्रश्न आहे.

आजी, सवयीच्या भीतीबद्दल आदरपूर्वक सांगतो. पॅरासिटॅमॉल आणि आयब्युप्रोफेन यांची सवय लागत नाही, व्यसन जडत नाही. टॉन्सिलनंतर दुखण्याला औषध न दिल्याने मूल काटक होत नाही. ते पाणी पीत नाही, अंगातलं पाणी कमी होतं, घसा कोरडा पडून आणखी दुखतो आणि सलाइनसाठी परत इस्पितळात यावं लागतं. पण मांडीवर घेणं, हात फिरवणं, गोष्ट सांगणं याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर आहे. त्याने वेदना खरोखर कमी होते, आम्हीही वापरतो. दोन्ही एकत्र हवं.

साळावलीकाठी

पण ताप नसताना पॅरासिटॅमॉल द्यायचं म्हणजे लिव्हरवर परिणाम नाही का होणार? आमच्या ओळखीत सगळे हेच सांगतात. शिवाय औषधाने दुखणं झाकलं गेलं आणि आत काही बिघडलं तर कळणार कसं?

फार्मसी_पर्वरी

हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो. पॅरासिटॅमॉल हे वेदनेचं औषध आहेच, तापासाठीचं वेगळं आणि दुखण्याचं वेगळं असं काही नाही. ठरलेल्या डोसात, काही दिवस, निरोगी मुलाला यकृताचा त्रास होत नाही. त्रास होतो तो डोस चुकल्यावर. आणि डोस चुकायच्या जागा नेहमीच्याच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलाचा डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो. साधारण हिशेब एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आता 16 किलोचं मूल घ्या, 240 मिलिग्रॅम झाले. बाजारात सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचं मिळतं आणि 250चंही मिळतं. खोकं जवळपास सारखं, नाव तेच. 120च्या बाटलीतून 10 मिली बरोबर. तेच 10 मिली 250च्या बाटलीतून दिले तर दुप्पट. आणि 250चा हिशेब धरून 120च्या बाटलीतून 5 मिली दिले तर निम्मंच औषध जातं, मूल कण्हत राहतं आणि लोक म्हणतात, औषध लागू पडत नाही. तान्ह्या बाळांचे थेंब तर 1 मिलीत 100 मिलिग्रॅम, त्यांचं गणित अगदीच वेगळं. चिठ्ठीवर नुसतं '5 मिली' लिहिलं असेल तर कुठल्या ताकदीचं हे विचारल्याशिवाय दुकानातून हलू नका. घरातला चमचा नको. बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या, ती मागितली की मिळते.

दुसरी जागा म्हणजे आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल एकत्र असलेलं सिरप. ते सुरू असताना तापासाठी म्हणून घरातलं साधं पॅरासिटॅमॉल दिलं की नकळत दोनदा जातं. सर्दीच्या कित्येक सिरपांतही पॅरासिटॅमॉल असतं.

आयब्युप्रोफेन पोटात काही गेल्यावर द्यायचं. मूल पाणीच पीत नसेल, उलट्या होत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, किडनीला जड जातं. आणि सध्या पावसाळा आहे. ऑपरेशनच्या आठवड्यात वेगळाच सणकून ताप आला तर डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयब्युप्रोफेन थांबवा, रक्तस्रावाचा धोका असतो. निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध 12 वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात 2011 पासून बंद आहे. कोणाच्या कपाटात जुनी बाटली असेल तर टाकून द्या. अ‍ॅस्पिरिनही मुलांना नाही.

भूलतज्ज्ञ_तिसवाडी

फार्मसी_पर्वरी, अगदी नेमकं लिहिलंत. त्यात भर: कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही जोरदार वेदनाशामकं मोठ्यांच्या चिठ्ठीवर आलेली घरात पडलेली असतात, ती मुलाला द्यायचा विचारही नको. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि श्वास मंदावतो. टॉन्सिल काढलेल्या मुलांचे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला आणि 2017 मध्ये 12 वर्षांखाली दोन्ही औषधं वर्ज्य ठरवली. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनाही टॉन्सिलनंतर आयब्युप्रोफेन, पॅरासिटॅमॉल किंवा दोन्ही द्या असंच सांगतात. आयब्युप्रोफेनबद्दल काही सर्जन रक्तस्रावाच्या शंकेने हात राखून असतात, तर तुमच्या सर्जनचं म्हणणं विचारून घ्या.

साळावलीकाठी, झाकलं जाण्याबद्दल: या साध्या औषधांनी खरा बिघाड झाकत नाही. उलट योग्य डोस वेळेवर देऊनही दुखणं वाढत गेलं, तर तोच बिघाडाचा इशारा असतो. औषधच दिलं नसेल तर हा इशारा मिळणार कुठून?

केप्याचा_बाबा

वरच्या शेवटच्या ओळीवर मला लिहायचंच आहे. आमचा मुलगा काजूच्या झाडावरून पडला, कोपराच्या वरचं हाड मोडलं, तारा घालून प्लास्टर केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची चुळबूळ थांबेना. औषध दिलं की तासाभरात परत मागायचा. नातेवाईक म्हणाले, मुलगा आहे, रडूबाई करू नका त्याला. आमच्या घरात मुलग्यांना हे लहानपणापासून ऐकवलं जातं आणि मला ते अजिबात मान्य नाही. दुखण्याला मुलगा-मुलगी नसतं.

त्याची बोटं सुजली होती आणि मी ती हळूच सरळ केली तर किंचाळला. लगेच गाडी काढली. प्लास्टर आवळत होतं, ते चिरून सैल केल्यावर अर्ध्या तासात पोर झोपलं. तिथल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की हातापायाच्या स्नायूंत दाब वाढायला लागला तर मुलं नीट सांगू शकत नाहीत. बेचैनी, घाबरेपणा आणि वेदनाशामकाची वाढत जाणारी मागणी या तीनच खुणा आधी दिसतात. बोटं निळी-गार पडेपर्यंत थांबलं तर उशीर होतो, हात कायमचा अधू होऊ शकतो. प्लास्टर असलेल्या मुलांच्या पालकांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

मांद्रेची_मीनाक्षी

इथे बोलू न शकणाऱ्या मुलांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझा मुलगा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, बोलत नाही. गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही टाचांच्या शिरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) लांब करायचं ऑपरेशन झालं. नेहमीच्या खुणा त्याला लागू होत नाहीत. पाय तर त्याचे एरवीही ताठ असतात, चेहरा एरवीही वाकडातिकडा होतो. आणि फार दुखलं की तो हसतो. आवाज करून हसतो. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटणार, स्वारी खुशीत आहे.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच मी एक कागद तयार केला. बरं असताना तो कसा असतो, भूक लागल्यावर काय करतो, दुखल्यावर काय करतो. दुखल्यावर डावा कान ओढतो, डोळे एका जागी रोखतो, घामाघूम होतो, ते विशिष्ट हसणं हसतो, आणि त्याचं आवडतं गाणं लावलं तरी मान वळवत नाही. तो कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवला. एका इस्पितळात पूर्वी आम्हाला 'त्याला काही कळत नाही हो' असं ऐकावं लागलं होतं, आणि ते पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती. या वेळच्या सिस्टर मात्र दर पाळीला तो कागद वाचायच्या आणि मला विचारायच्या, आत्ताचं हसणं कुठलं?

पुढे मला कळलं की याची शास्त्रीय रूपंही आहेत. इस्पितळात पाच गोष्टींचं एक माप वापरतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. मिशिगन विद्यापीठात 1997 मध्ये तयार झालेलं आहे. त्याच्या सुधारित रूपात अपंग मुलांसाठी पालकांनी सांगितलेल्या खुणा त्याच रकान्यांत लिहायची सोय आहे. म्हणजे मी जे चिकटवलं होतं तेच. शिवाय न बोलणाऱ्या मुलांसाठी 27 खुणांची एक वेगळी यादीही आहे, दहा मिनिटं नुसतं मुलाकडे बघून ती भरायची.

ज्यांच्या घरी असं मूल आहे आणि ऑपरेशन ठरलंय त्यांनी कागद आधी लिहा. धावपळीत आठवत नाही. बापाकडूनही लिहून घ्या, आजीकडूनही, कारण प्रत्येकाला वेगळं दिसलेलं असतं.

जुनी_कात्रणं

मीनाक्षीताई, 'त्याला काही कळत नाही' हे वाक्य फक्त तुमच्या वाट्याला आलेलं नाही. 1980च्या दशकापर्यंत बड्या बड्या इस्पितळांतही नवजात बाळांना वेदना जाणवत नाही असं धरून अगदी कमी भुलेवर ऑपरेशनं व्हायची. स्नायू सैल करण्याचं औषध दिलेलं असायचं, त्यामुळे बाळ हलू शकत नसे, आणि हलत नाही म्हणजे दुखत नाही असा समज. भारतात जन्मलेले डॉ. कंवलजीत आनंद ऑक्सफर्डमध्ये काम करत होते. त्यांनी 1987 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की हृदयाजवळच्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनात ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना फेंटानिल हे वेदनाशामकही दिलं, त्यांच्या शरीरावरचा ताण खूपच कमी होता आणि नंतरची गुंतागुंतही कमी. त्यानंतर जगभर पद्धत बदलत गेली. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये आपली व्याख्या सुधारली, त्यातही स्पष्ट लिहिलंय की सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही.

डिचोलीची_आजी

हे वाचून अंगावर काटा आला. डॉक्टरांनी सवयीबद्दल सांगितलं ते मला पटलं. माशेलच्या सुनेला एवढंच सांगते बाय, औषध घड्याळाने दे आणि सासूला मांडीचं काम दे. दोघींना कामं होतील.

माशेलकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. वॉर्डातल्या ताईंचे पंधरा प्रश्न आम्ही तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर सोडवले. माझे 'हो' नऊ, नवऱ्याचे आठ, सासूबाईंचे नऊ. त्यांनी तर सांगितलं की देवघरात घंटा वाजली तरी आला नाही, एरवी आरतीला पहिला असतो. मग घरात वाद उरला नाही. सर्जनना फोन केला, त्यांनी वजन विचारून पॅरासिटॅमॉल सहा-सहा तासांनी ठरवून दिलं. नवऱ्याने फ्रिजवर वेळापत्रक लावलंय. औषधानंतर पाऊण तासाने पाणी आणि पेज द्यायची, तेव्हा गिळायला सोपं जातं असं दिसतंय. संध्याकाळी स्वतःहून आंबा आइस्क्रीम मागितलं.

आता नवीनच. घशाला हात लावत नाही, पण कान धरतो. कानात काही झालं असेल का? आणि घशात मागे पांढरं दिसतंय.

वॉर्डातली_ताई

आइस्क्रीम मागितलं ना, छान. द्या.

टॉन्सिलच्या जागेची आणि कानाची जाणीव नेणारी नस एकच, म्हणून घशाचं दुखणं कानात जाणवतं. बहुतेकदा कान ठीक असतो. ताप किंवा कानातून पाणी असेल तरच दाखवा. पांढरा थर म्हणजे जखमेवरची खपली, पू नव्हे. तोंडाला वासही येईल. तो थर खरवडायचा नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात ही खपली सुटते आणि बरं होत आलेलं मूल परत कुरकुरायला लागतं. तेव्हा औषध आधीच बंद केलेलं असतं. बाटली संपवू नका आणि त्या दिवसांत प्रश्न परत सोडवा. सोलकढी, लिंबू, टोमॅटोचं सार असं आंबट काही नको, झोंबतं. नाचणीचं गार आंबील गोड करून, शहाळ्याचं पाणी, उकड्या तांदळाची मऊ पेज चालेल.

ताजं लाल रक्त दिसलं, थुंकीत असो वा उलटीत, किंवा झोपेत सारखं गिळत असल्यासारखं वाटलं, तर फोनवर चौकशी करत बसू नका. 108 बोलवा किंवा तडक इस्पितळ गाठा. लघवी आठ तास झाली नाही, डोळे खोल गेले, काहीच गिळत नाही, तरीही न्या.

पाळोळ्याहून

धागा सगळा वाचला. आमची मुलगी पाच महिन्यांची, फाटलेल्या ओठाचं ऑपरेशन बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ठरलंय. तिला प्रश्न विचारायचा तर प्रश्नच नाही आणि 'एरवीचं वागणं' तरी पाच महिन्यांत काय कळणार? कसं ओळखायचं?

वॉर्डातली_ताई

पाच महिन्यांचं एरवीचं वागणं आईला पुष्कळ माहीत असतं. किती वेळ झोपते, दूध ओढताना कशी दिसते, कुणाच्या आवाजाला हसते, भुकेचं रडणं कसं. हे आताच चार ओळींत लिहून ठेवा, मीनाक्षीताईंनी सांगितलं तसं.

वर आलेलं पाच गोष्टींचं माप दोन महिन्यांच्या बाळापासून चालतं. कपाळाला आठी, डोळे गच्च मिटलेले, हनुवटी थरथरते का हे बघा. ओठावर टाके असल्यामुळे तोंडाच्या ठेवणीवरून फारसं कळणार नाही, म्हणून कपाळ आणि डोळे बघायचे. पाय सैल आहेत की पोटाशी ओढलेत, पाठ धनुष्यासारखी ताणते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घेतल्यावर, पाजल्यावर, फिरवल्यावर शांत होते का. भुकेलेलं बाळ पोट भरल्यावर शांत होतं. दुखणारं बाळ दोन घोट घेऊन सोडतं, परत रडतं, परत ओढायला बघतं.

अंगावर कधीपासून पाजायचं हे सर्जनना आधीच विचारा, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. परवानगी मिळाल्यावर मात्र पाजणं हाही वेदनेवर चांगला उपाय आहे, पोटाबरोबर मनालाही. हात ओठाकडे जाऊ नयेत म्हणून कोपरांना पट्ट्या बांधतील, त्या आवडणार नाहीत आणि त्यानेही ती रडेल. म्हणून पट्ट्या थोडा वेळ सोडून, हात तुम्ही धरून बघा. शांत झाली तर राग पट्ट्यांचा होता, नाही झाली तर औषधाची वेळ बघा.

डिस्चार्जच्या वेळी सिस्टरना सांगून निघायच्या आधीचा डोस तिथेच द्यायला लावा, तिथून तुमच्या काणकोणपर्यंतचा रस्ता लांब आहे. आणि पुढचा डोस किती वाजता, किती मिली, कुठल्या ताकदीच्या बाटलीतून, हे त्याच कागदावर त्यांच्या हातून लिहून घ्या.